अठरा ब्रिक्स

पिंपळगावच्या पॅकहाउसात माझं काम एका थेंबाचं.
घडाच्या टोकाचा मणी चिमटीत दाबायचा,
रस काचेवर, झाकण खाली,
आणि नळी उन्हाकडे धरून एक डोळा मिटायचा.
आत निळं आभाळ उतरत येतं,
जिथं थांबतं तो आकडा.
सोळाच्या खाली असेल तर गाडी परत.
अठरा असेल तर मी नुसती मान हलवते,
मोगल साहेब शिक्का मारतात.
बावीस हंगाम मी गोडी अशी उभ्यानं वाचली.

दुसरा थेंब द्वारकेजवळच्या दवाखान्यात,
माझ्याच बोटाच्या शेंड्यातून.
तीनशे बारा.
मी विचारलं, हे कुठल्या मापात?
कंपाउंडर हसला.
माझ्या टाचेत चार दिवस छाटणीची काडी होती
आणि चप्पल पायाला चिकटली तेव्हा मला कळलं.

प्रणाली, माझी धाकटी, गंगापूर रोडच्या कॉलेजात
कातडीच्या पेशी पाळते.
हो, पाळते. गुलाबी पाणी घालते,
रविवारीसुद्धा जाते, घरी शेळ्या बांधल्यासारखी.
तिनं मोबाइलवर दोन फोटो दाखवले.
पेशींची सपाट जमीन, तिच्यात तिनंच ओढलेला
एक सरळ ओरखडा.
बेताच्या साखरेत, चोवीस तासांनी:
दोन्ही काठ चालत येऊन एकमेकांत मिसळलेले,
कुठं होती रेघ ते सांगता येऊ नये.
जास्त साखरेत:
रेघ तशीच. पेशी काठावर उभ्या,
पूर बघायला आलेल्या माणसांसारख्या.

मेल्यात का गं?
नाही आई, जिवंत आहेत. निरोप पोचत नाही.

हे मात्र मला समजलं.
मार्चात कंटेनर दाराशी लागलेला असतो, पंखे घरघरतात,
हाक कुणाची कुणाला ऐकू येत नाही.
तेव्हा पहिल्या टेबलावरची यमुना गावित
क्रेटवर दोनदा थाप मारते,
दुसरी तिसरीला, तिसरी चौथीला,
आणि पार शीतघरापर्यंत हात हलू लागतात.
पण रसानं सगळं चिकटलं,
क्रेटला क्रेट, कागदाला कागद,
की थाप मऊ पडते. अर्ध्यात विरते.
दारावरचा पोरगा वाट बघत उभा,
आत सगळ्या जाग्या
आणि कुणीच उठत नाही.

जवळजवळ असंच, ती म्हणाली.
इन्सुलिन दार वाजवतं, आतली कडी त्याची ओळख विसरलेली.
साखर प्रथिनांना धरून बसते, सुटत नाही,
कातडीखालचे दोर ताठरतात,
आणि आग विझल्यावरही भोंगा वाजतच राहतो,
म्हणून जखम लाल, गरम, जागच्या जागी.
मग जवळजवळ का?
कारण तुम्ही संध्याकाळी पाणी मारून टेबलं धुता.
रक्त तीन महिन्यांचा हिशेब जवळ ठेवतं.

तिच्या ताटलीत माझी पेशी नाही, मला माहीत आहे.
तरी तो फोटो बघताना मी पाय लुगड्यात ओढून घेतला.

आता काम बसून, आणि एक दिवसाआड ड्रेसिंग.
मणी चाखून बघायची सवय होती,
आता थेंब फडक्याला पुसते.
खैरनार सिस्टर जखमेवर पारदर्शक कागद ठेवून
पेनानं तिची कड काढतात, खाली तारीख घालतात.
नऊ कागद झालेत.
काल मी ते मागून घेतले,
एकावर एक रचून खिडकीशी धरले
आणि आपसूक एक डोळा मिटला.
सात कागदांची रेघ एकच.
आठव्याची, करंगळीकडच्या बाजूला,
कांद्याच्या पापुद्र्याएवढी आत सरकलेली.

कागद हलला असेल, सिस्टर म्हणाल्या.
असेल.
नववा मी अजून वर ठेवलेला नाही.